शिक्षकांना शिकवणारे कुठून येतात?

‘विज्ञान-गणित आमच्या पोरीच्या डोक्यात शिरतच नाही’, हे वाक्य आम्हाला गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं. दोष पोरीच्या डोक्याला दिला की विषय मिटतो. पण तिच्या सरांना कुणी शिकवलं? आणि त्या शिकवणाऱ्यांना कुणी? असं वर चढत गेलं की आपण विद्यापीठात पोचतो. तिथे काही प्राध्यापकांचं कामच हे असतं, की विज्ञान आणि गणित मुलांना का कळत नाही ते शोधायचं. ही माणसं स्वतः काय शिकून आलेली असतात, ते आज पाहू. गटातल्या बऱ्याच जणींच्या मुली आता बी.एस्सी. करताहेत, ‘पुढे काय’ हा प्रश्न घरोघरी आहे, म्हणूनही हे सांगायचं.

पहिली गोष्ट अमेरिकेतली, एका बाईची. लिलियन मॅकडर्मट यांनी १९५९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. घेतली, तीही अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रात. शिक्षणशास्त्राशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे त्या सिएटल शहरात आल्या. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांचे पती भौतिकशास्त्र शिकवत होते. नवरा-बायको दोघांनी एकाच ठिकाणी नोकरी करायची नाही, असे नियम तेव्हा तिकडे असत. बाहेर कोण राहायचं, हे तुम्हाला सांगायला नको. सहायक प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली १९७३ साली, म्हणजे पीएच.डी.नंतर चौदा वर्षांनी.

मधल्या काळात त्या शाळेच्या शिक्षकांना विज्ञान शिकवू लागल्या आणि तिथेच त्यांना आयुष्यभराचं काम सापडलं. विजेचा धडा त्या फळ्यावर सुरू करत नसत. एक सेल, बॅटरीतला एक छोटा तारेचा बल्ब आणि तारेचा एक तुकडा हातात द्यायचा आणि म्हणायचं, पेटवा. तुम्हीही करून बघा. बल्बचं टोक सेलच्या वरच्या बटणावर टेकवायचं. तारेचं एक टोक सेलच्या बुडाला आणि दुसरं बल्बच्या धातूच्या कडेला लावायचं. (नुसती तार सेलच्या दोन्ही टोकांना धरू नका, चटका बसतो. आणि घरातल्या लाइटच्या बटणाशी हा खेळ अजिबात नको.)

त्यांच्या गटाने कॉलेजच्या मुलांना एक साधा प्रश्न घातला. सगळे सेल सारखे, सगळे बल्ब सारखे. एका सेलवर एकच बल्ब. दुसऱ्यावर दोन बल्ब, एकामागे एक जोडलेले. तिसऱ्यावर दोन बल्ब, प्रत्येक आपापल्या तारेने सेलला जोडलेला. कोणता जास्त उजळ? ही मुलं वीज हा विषय शिकून बसलेली होती, तरी शंभरातल्या साधारण १५ जणांनाच बरोबर सांगता आलं. एकटा बल्ब आणि तिसऱ्या सेलवरचे दोन बल्ब सारखेच उजळ असतात, एकामागे एक जोडलेले दोघे मंद. मुलांना वाटत होतं की पहिला बल्ब वीज ‘खाऊन’ टाकतो. गणितं सुटत होती, पण समज कच्ची होती. हे शोधायला विषय पक्का असलेलं माणूसच लागतं, असं आमचं मत आहे. अशा संशोधनावर मॅकडर्मटबाईंच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राचीच पीएच.डी. मिळू लागली.

दुसरी वाट वर्गातून जाते. बरीच माणसं आधी शाळेत वर्षानुवर्षं शिकवतात, मग शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करून प्राध्यापक होतात. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर काय चालतं, हे त्यांना न सांगता कळतं. विषयाचं खोल ज्ञान मात्र कधी कधी पातळ पडतं. उलट भौतिकशास्त्रातून आलेल्यांना वर्ग परका असतो. दोघांची भांडणंही होतात!

आपल्याकडे मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. ते १९७४ साली सुरू झालं. पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्यानंतर आलेले अरविंद कुमारही. पण केंद्राच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक झालं जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याच्या आसपासच्या शाळांमध्ये. पुस्तकाची भाषाच मुलांना अडवते का, हेही कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. भाषा सोपी केली की विज्ञान कळायला मदत होते, असं त्यांना दिसलं.

हे आपल्याला पटायला वेळ लागणार नाही. नववीच्या पुस्तकात ‘विस्थापन’ येतं. धरणाखाली गाव गेलेल्या घरातल्या मुलीला त्या शब्दाने काय आठवेल? किंवा ‘कार्य’ घ्या. डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने दोन किलोमीटर चाललं, तरी भौतिकशास्त्राच्या हिशेबात आपण हंड्याला वर उचलून धरण्यासाठी लावलेल्या बलाने केलेलं ‘कार्य’ शून्य! बल वरच्या दिशेला आणि चालणं आडवं, म्हणून. मान मोडून आलेल्या बाईला हे शून्य नीट समजावून सांगायचं, तर भौतिकशास्त्र यायला हवं आणि हंडाही माहीत हवा. आमच्या मुलींकडे दुसरी गोष्ट आधीच आहे.

आता मुलीच्या वाटेचं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचं तर त्याच विषयाची एम.एस्सी. ५५ टक्क्यांनी आणि वर नेट किंवा सेट ही परीक्षा, नाहीतर पीएच.डी., असा आजवरचा नियम आहे. राखीव वर्गांना गुणांत पाच टक्के सूट मिळते. सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं विद्यापीठ घेतं. बी.एड. कॉलेजात ‘विज्ञान कसं शिकवावं’ हे शिकवायला विज्ञानातली एम.एस्सी. आणि एम.एड. दोन्ही लागतात. म्हणून बी.एस्सी., बी.एड. झालं की ‘आता बास’ म्हणून एम.एस्सी. सोडू नका. शाळेत नोकरी करता करता बाहेरूनही एम.ए. होतं, पण प्रयोगाच्या विषयाची एम.एस्सी. तशी होणं अवघड, हे घरातल्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

होमी भाभा केंद्रात विज्ञान शिक्षणातली पीएच.डी. करता येते. तिथे विज्ञान, गणित, इंजिनिअरिंग, शिक्षणशास्त्र अशा वेगवेगळ्या विषयांत पदव्युत्तर शिक्षण झालेली मुलं-मुली येतात आणि निवड झाली की दरमहा विद्यावेतन मिळतं. नियम बदलत असतात, तेव्हा फॉर्मचे पैसे भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात मुलीकडून पूर्ण वाचून घ्या.