रक्ताचं उत्तर त्वचेत

कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या ल्युकेमियाच्या रुग्णांना एक धास्ती असते: हा आजार मुलांनाही होईल का? बहुतेकदा नाही. रक्तपेशींमधले बहुसंख्य बिघाड जन्मानंतरचे असतात. मात्र मोजक्या घराण्यांत डीडीएक्स४१ किंवा रनएक्स१ सारख्या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो.

तो ओळखणं सोपं नाही. रुग्णाच्या रक्तातच कर्करोगाच्या पेशी मिसळलेल्या असतात. दोष जन्मजात की नंतरचा, हे नुसत्या रक्तावरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून त्वचेचा इवलासा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. काही आठवडे तंत्रज्ञ पोषक द्रव बदलत राहतात. जंतू शिरले की सगळं पुन्हा पहिल्यापासून. या धीराच्या कामाला हवा तेवढा मान मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं. हे काम महत्त्वाचं, कारण उपचारासाठी अस्थिमज्जा द्यायला सख्खा भाऊ पुढे येतो, आणि दोष त्याच्यातही असू शकतो. निरोगी दिसला तरी त्याची तपासणी आधी व्हायलाच हवी.

आपल्याकडे पेशी वाढवण्याच्या या विद्येचा पाया घातला तो पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतिसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली. कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून तपासला.