विरलेल्या कापडाची ऊब

फाटणे आणि विरणे यांत फरक आहे. खिळ्याला अडकले की कापड फाटते. वर्षानुवर्षे अंगावर वागवले, धुतले, की ते विरते. गोधडी होते ती विरलेल्या कापडाची.

पूर्वी नऊवारी लुगडे मध्येच विरले, की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडत. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही नेसवेना, की ते गोधडीसाठी बाजूला पडे. जरीची वस्त्रे बोहारणीकडे जात, त्यांच्या बदल्यात भांडे येई. सुती लुगडी, धोतरे घरातच राहत. कुणी तिला वाकळ म्हणे, आमच्या घरी गुदडी म्हणत. शब्द वेगळे, टाका एकच : धावदोरा.

जुनेच कापड का? काटकसर हे कारण खरे, पण तेवढेच नाही. जुने सुती कापड आटायचे तेवढे आटलेले असते. त्यात नवे कोरे कापड घातले, तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि गोधडीला चुण्या पडतात. शिवाय धुऊन धुऊन सूत मऊ झालेले असते. अशा चार-पाच थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

शिवण्याआधी गुंड्या आणि जाड शिवणी काढाव्या लागतात, नाहीतर सुई अडते. धड असलेले कापड वर आणि खाली, विरलेले आत. जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून कच्चे टाके घालायचे. मग कडेने सुरुवात करून चौकोनात आत आत जायचे. टाके जवळ जवळ असले, की थर सरकत नाहीत.

आज अडचण वेगळीच आहे. आपली कपाटे पॉलिस्टरने भरली आहेत. ते घाम शोषत नाही आणि सुईखाली घसरते. म्हणून जुने कपडे काढून टाकताना सुती तेवढे निवडून ठेवावेत : साड्या, ओढण्या, परकर, लेंगे, चादरी.

ही रीत केवळ आपली नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती गोधड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर घेता यावी, एवढाच हेतू.

घरातले माणूस गेले, की त्याचे चांगले कपडे गरजूंना द्यावेत, हे योग्यच. पण कोपरावर विरलेला सदरा देणार कुणाला? तो फेकू नये. गोधडीच्या आतल्या थरात घालावा. ज्या नातवंडांनी त्या माणसाला पाहिलेही नाही, ती पुढच्या थंडीत त्याच्या सदऱ्याखाली निजतील.