चिंता, अतिविचार आणि मानसोपचार

छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही, ईसीजी मात्र निर्दोष. असे रुग्ण आपल्या बाह्यरुग्ण विभागात नित्य येतात. थायरॉइडसारखे शारीरिक कारण प्रथम तपासणे आवश्यकच असते. ते नसले, की घरची मंडळी मायेने सांगतात, “विचार करू नकोस.” परंतु दडपलेला विचार अधिकच उसळतो.

मानसोपचाराचा मार्ग याच्या उलट आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये व पुढे ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतींचे सूत्र असे, की प्रसंगापेक्षा त्याविषयीची आपली समजूत मनाला अधिक पोळते. महाराष्ट्रात एलिस यांची विचारसरणी कि. मो. फडके यांनी रुजविली. “मुलास उशीर झाला, म्हणजे अपघातच” हा विचार रुग्णाने कागदावर उतरवायचा, त्यास पुरावा काय ते पाहायचे आणि वारंवार फोन करण्याची सवय क्रमाक्रमाने सोडायची. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या मला ही रीत ओळखीची वाटली. संशयास्पद नोंद पावतीशी ताडून पाहावी. तीच बेरीज दहादा करू नये.

यास बहुधा १२ ते १५ बैठका लागतात. काहींना औषधेही घ्यावी लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारासही विमासंरक्षण बंधनकारक केले, तरी दाखल न होता घेतलेल्या बैठका अनेक पॉलिसींत बसत नाहीत. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, बंद दाराआडच्या पाऊण तासाच्या संभाषणावर नाही. गरजू रुग्णांच्या या बैठकांचा भार रुग्ण साहाय्य निधीवरच आहे.