मोटारगाडीच्या दाराचे विजेचे कुलूप : त्याचे बिघाड व त्यांची दुरुस्ती

मोटारगाडीचे दार बाहेरून जितके साधे दिसते तितके ते आतून साधे नसते. पत्र्याच्या दोन थरांमधील अरुंद पोकळीत खिडकीची काच, ती वर-खाली करणारी यंत्रणा, दार चौकटीस धरून ठेवणारा खटका आणि त्या खटक्याला हँडलांशी व किल्लीच्या भोकाशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्या दाटीवाटीने नांदत असतात. आणि गेल्या काही दशकांतील गाड्यांत ह्या सर्वांवर कडी करणारी एक लहानशी विजेची मोटर असते. वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून एक खुलासा येथेच करतो. आपल्या भाषेत ‘मोटार’ म्हणजे गाडी आणि ‘मोटर’ म्हणजे विजेवर फिरणारे यंत्र, असा एका कान्याचा भेद रूढ झाला आहे. ह्या लेखात वाहनास आम्ही सर्वत्र ‘गाडी’ म्हणू आणि ‘मोटर’ हा शब्द केवळ त्या विद्युत्-यंत्रासाठी राखून ठेवू.

एका कळीने सर्व दारे बंद व्हावीत ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९५६ च्या आपल्या गाड्यांत विजेची कुलपे देऊ केली होती. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने पुढे १९७० नंतरच्या अनेक गाड्यांत निराळाच मार्ग पत्करला. तेथे कुलपे विजेने न हलता हवेच्या दाबातील फरकाने हलत. एंजिनाच्या साहाय्याने निर्माण केलेली अंशतः निर्वात स्थिती बारीक नळ्यांतून प्रत्येक दारापर्यंत पोहोचवली जाई व तेथील रबरी पडदा दांडी ओढी. अशा जुन्या गाडीचे कुलूप मंद झाले तर तारा तपासण्याऐवजी रबराला पडलेली चीर शोधावी लागते. आपल्याकडील परिस्थिती वेगळी होती. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली व तिचे उत्पादन जानेवारी २०१४ पर्यंत चालू राहिले. पण तिच्या साध्या प्रकारांत विजेची कुलपे नव्हतीच. मालक मंडळी बाजारातून जोडसंच आणून गॅरेजात बसवून घेत. त्यामुळे आपल्या जुन्या गाड्यांत आढळणारी कुलपे बहुधा ह्या जोडसंचांचीच असतात, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्यांना धरूनच केले आहे.

ह्या संचात प्रत्येक दारासाठी एक लांबट पेटी असते. तिला परिभाषेत काहीही म्हणा, गॅरेजात तिला ‘मोटर’ असेच म्हणतात. पेटीत स्थायी चुंबकाची एक छोटी मोटर, तिचा वेग उतरवून जोर वाढवणारी दंतचक्रे आणि शेवटी पुढे-मागे सरकणारी एक दंतपट्टी असते. पट्टीच्या टोकाची पोलादी सळई एका लहान ठोकळ्याने कुलपाच्या मूळ दांडीस जखडलेली असते. स्थायी चुंबकाच्या मोटरीचा एक गुण येथे फार उपयोगी पडतो : प्रवाहाची दिशा उलटली की तिची फिरण्याची दिशा उलटते. एका दिशेने प्रवाह सोडला की कुलूप लागते, उलट दिशेने सोडला की उघडते.

ही दिशा उलटवण्याचे काम दोन रिले करतात. रिले म्हणजे क्षीण प्रवाहाने चालणारा विद्युत्-चुंबक, जो मोठ्या प्रवाहाचा मार्ग बदलतो. विश्रांतीच्या वेळी मोटरीच्या दोन्ही तारा ह्या रिलेंमधून गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाशी, जोडलेल्या असतात. पहिला रिले ओढला गेला की पहिली तार १२ व्होल्टांवर जाते, दुसरी ऋण राहते व प्रवाह एका दिशेने वाहतो. दुसरा ओढला गेला की नेमके उलट घडते. हा प्रवाह सेकंदाचा काही अंशच टिकतो. चालकाच्या दारातील पेटीला मात्र दोनऐवजी पाच तारा असतात. दोन तिच्या मोटरीच्या, आणि तीन आतील एका कळीच्या. चालकाने किल्ली फिरवली की ही कळ सरकते आणि नियंत्रक पेटीस वर्दी देते. मग बाकीची दारे तिचे अनुकरण करतात.

आता कोणी म्हणेल की हे कुलूप बिघडले तर फार तर किल्लीने दार उघडावे, एवढी चर्चा कशाला? परंतु दार न उघडणे ही सदैव क्षुल्लक गोष्ट नसते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान अर्ध्या-पाऊण तासात बाहेरच्या तापमानाहून पंधरा-वीस अंशांनी चढते, आणि आत अडकलेल्या लहान मुलास ते सोसत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या प्रलयात पाण्याने वेढलेल्या गाड्यांतून बाहेर पडता न आल्यामुळे काही जणांना प्राण गमवावे लागले. अशा प्रसंगी केवळ कुलूपच आडवे येते असे नाही. दाराच्या तळापासून ६० सेंटिमीटर पाणी बाहेर चढले आणि आत पाणी नसले, तर एक मीटर रुंदीच्या दारावर सुमारे १८० किलोग्रॅम वजनाइतका जोर आतल्या बाजूस पडतो. म्हणून पाणी चढू लागताच, दाब वाढण्यापूर्वीच, दार किंवा खिडकी उघडणे अगत्याचे. आणि त्या क्षणी कुलूप हाताने निघाले पाहिजे. चांगल्या पेटीतील मोटर बंद असतानाही खिडकीजवळची खुंटी बोटाने सहज उचलता येते. ती जड जात असेल, तर तो बिघाड कुलूप अजिबात न चालण्यापेक्षाही गंभीर समजावा.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी बिघाडाचे स्वरूप नीट पाहावे. चारही दारे एकदम गप्प झाली असतील, तर दोष सर्वांना सामाईक अशा जागी असणार : फ्यूज, नियंत्रक पेटी, तिची सांगाड्याशी असलेली जोडणी किंवा चालकाच्या दारातील कळ. एकच दार रुसले असेल तर त्या दाराच्या तारा, मोटर किंवा दांड्या पाहाव्यात. एक दार इतरांच्या उलट वागत असेल, म्हणजे बाकीची लागताना ते उघडत असेल, तर पूर्वी कोणी तरी त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या पुन्हा अदलल्या की काम झाले. आणि गाडी उभी असताना कुलपे आपोआप खटखट करीत उघडझाप करू लागली, विशेषतः पावसाळ्यात, तर ते भुताटकीचे लक्षण नसून चालकाच्या दारातील कळीत दमट हवेने घर केल्याचे लक्षण आहे.

फ्यूज जळालेला आढळल्यास त्याच अंकाचा नवा घालावा. तोही जळाला, तर कोठे तरी तार पत्र्याला टेकली आहे असे निश्चित मानून ती जागा शोधावी. मोठ्या अंकाचा फ्यूज घालून प्रश्न मिटवणारे कारागीर भेटतात. त्यांनी फ्यूजचे काम तारेकडे सोपवलेले असते, आणि तार वितळते ती आसनाच्या कापडाशेजारी.

आता ज्या बिघाडापुढे पुष्कळ कारागीर हात टेकतात त्याकडे वळू. मोटरीच्या तारांना मापक लावला तर १२ व्होल्ट दिसतात, तरीही मोटर हलत नाही. साहजिकच मोटर निकामी ठरवली जाते, नवी आणली जाते, आणि तीही हलत नाही. हे कोडे जॉर्ज ओहम ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाने सुटते. समजा, मोटरीचा रोध २ ओहम आहे. १२ व्होल्टांच्या बॅटरीवर सुरुवातीच्या क्षणी तिच्यातून ६ अँपिअर प्रवाह वाहील. आता तारेतील बहुतेक धागे तुटून दोन-तीनच उरले, किंवा एखाद्या जोडावर गंज चढला, आणि मार्गात आणखी २ ओहम रोध शिरला. एकूण रोध ४ ओहम झाला, प्रवाह ३ अँपिअरांवर आला. मोटरीचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणजे तो निम्म्यावर आला, आणि निम्म्या जोराने जड कुलूप हलत नाही. मग मापक १२ व्होल्ट का दाखवतो? कारण मोटर सोडवून मापक लावला, तेव्हा मार्गात मोटरीच्या जागी मापकाचा रोध आला, आणि तो आजच्या साध्या अंकीय मापकांत लक्षावधी ओहमांचा असतो. त्यातून वाहणारा प्रवाह इतका क्षुद्र असतो की २ ओहमांच्या अडथळ्यावर दाबाची घट जवळजवळ होतच नाही. ज्या नळीत बोळा अडकला आहे तिची तोटी मिटलेली असताना दाब पुरा दिसावा आणि तोटी सोडताच धार पडू नये, तसाच हा प्रकार.

ह्यावर उपाय सोपा आहे. मोटर जोडलेलीच ठेवावी आणि दुसऱ्या माणसाला कळ दाबावयास सांगून त्याच क्षणी तिच्या दोन टोकांमधील दाब पाहावा. तेथे १० व्होल्टांच्या आसपास आकडा येऊनही मोटर हलली नाही तर मोटर दोषी. ५ किंवा ६ व्होल्टच आले तर वाट दोषी. मापक नसेल, तर गाडीच्या मागच्या दिव्याचा २१ वॅटचा बल्ब मोटरीऐवजी लावून पाहावा. तो क्षणभर लख्ख पेटला पाहिजे. मंद पेटला तर तारांत पाणी मुरते आहे. गरिबाचे हे उपकरण रिकाम्या मार्गावर लावलेल्या महाग मापकापेक्षा अधिक खरे बोलते, असे आमचे मत आहे.

वाट दोषी निघाली तर ती बहुधा एकाच ठिकाणी सापडते : दाराच्या बिजागरीजवळ, जेथे तारा रबराच्या घडीदार नळीतून दारात शिरतात. दार दिवसातून वीस वेळा उघडले असे धरले, तर वर्षाला ७,३०० आणि पंधरा वर्षांत एक लाखाहून अधिक वेळा तांब्याचे ते धागे त्याच जागी वाकतात. एकदा वाकवल्याने धातू तुटत नाही, पण अशा वारंवार वाकण्याने तो थकतो व त्याला सूक्ष्म तडे जातात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस भर प्रवासात मोडू लागले, तेव्हा ऑगस्ट व्यॉलर ह्या जर्मन अभियंत्याने ह्याच धातुश्रमाचा पद्धतशीर अभ्यास केला होता. बाहेरचे प्लॅस्टिक अनेकदा शाबूत असते आणि आतले तांबे तुटलेले असते. तार दोन्ही हातांनी हळूच ताणून पाहावी. ती रबरासारखी लांबली तर आत तांबे उरलेले नाही. दुरुस्ती करताना तुटलेल्या जागीच गाठ मारून वर चिकटपट्टी गुंडाळणे निरुपयोगी होय, कारण डाखाने ताठ झालेली तार त्या डाखाच्या कडेशी पुन्हा मोडते. पुष्कळ बारीक धाग्यांची नवी लवचीक तार घ्यावी, तिचा एक जोड दाराच्या आत आणि दुसरा गाडीच्या आत, वाकणाऱ्या भागापासून दूर घ्यावा आणि मधला भाग अखंड ठेवावा. अनेक तारा असतील तर जोड एकमेकांशेजारी न आणता मागे-पुढे ठेवावेत.

मोटर दोषी ठरली तर दार उघडावे लागते. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. काच हाताने फिरवण्याची मूठ एका तारेच्या चापाने अडकवलेली असते. मुठीमागे सुती चिंधी घालून ती बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढली की चाप अलगद निघतो. मग आतले आच्छादन त्याच्या खुंट्यांजवळून उचकटावे. मोटर बदलण्याआधी तिची सळई सोडवून कुलूप हाताने हलवून पाहावे. जुन्या वंगणाचा चिकटा झाल्यामुळे कुलूपच जड झालेले असते आणि दोष मोटरीच्या माथी येतो. असे असेल तर खटका साफ करून त्यास नवे ग्रीस लावावे. कधी कधी ठोकळ्याचे दोन बारीक स्क्रू सैल होऊन सळई नुसती सरकत राहते. ते आवळले की दुरुस्ती संपते. मोटरीचे खरे आजार म्हणजे झिजलेले कार्बनचे ब्रश, काजळलेला दिक्परिवर्तक किंवा दात गेलेले चक्र. ह्या पेट्या स्वस्त असल्याने त्या उघडण्यापेक्षा बदलणेच सोयीचे. नवी पेटी जुन्याच जागी, दांडीच्या रेषेत बसवावी. तिरपी बसवलेली सळई अडकते आणि खुंटी जड होते.

आच्छादनामागे प्लॅस्टिकचा एक पातळ कागद चिकटवलेला आढळेल. तो अनावश्यक समजून फाडून टाकण्याची वाईट चाल आहे. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात शिरतेच. त्या कागदामुळे ते आतल्या बाजूस न येता दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जाते. कागद पुन्हा नीट चिकटवावा आणि ती भोके काडीने मोकळी करावीत.

सर्व जोडल्यावर चाचणी घ्यावयाची ती दार लावून नव्हे. खिडकीची काच खाली करावी, दार सताड उघडे ठेवावे आणि त्याच्या कडेवरील खटका स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून मिटवावा, म्हणजे खटक्याच्या दृष्टीने दार लागलेले असते. आता कुलूप विजेने, किल्लीने व खुंटीने प्रत्येकी चार-सहा वेळा लावून उघडावे. कुलूप उघडे असताना आतले आणि बाहेरचे अशा दोन्ही हँडलांनी खटका सुटतो का ते पाहावे. शेवटी हँडल ओढून खटका मोकळा करण्यास विसरू नये, नाही तर मिटलेला खटका चौकटीवरील कडीवर आदळून वाकतो. त्यानंतरच दार लावावे.