सहा फुटांत मैलभर जमीन

काथ्याचं पायपुसणं दारात टाकण्यासाठी असतं, हे जगाचं मत. वॉरगेमिंगचा छंद असलेल्या माणसाला त्यात पिकलेला गहू दिसतो. धारदार कटरने पायपुसण्याचे तुकडे कापायचे, कडा जरा विस्कटायच्या, मधून गाडीवाटेपुरती एक चाकोरी मोकळी सोडायची, की टेबलावर उभं शेत तयार. फक्त एक अडचण राहते. इंचभर उंचीचे सैनिक या गव्हात शिरत नाहीत, वरच्या वर डुगडुगत राहतात. म्हणून जाणकार माणूस शेताचा मधला भाग सुटा ठेवतो. पलटण आत शिरली की तो तुकडा उचलून बाजूला ठेवायचा, ती बाहेर पडली की पुन्हा बसवायचा. दिसायला शेत हवं आणि खेळायला मोकळी जागा हवी, या दोन मागण्यांची तडजोड म्हणजेच ही कला.

खेळ असा: सहा बाय चार फुटांचं टेबल, दोन्ही बाजूंना रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या फौजा, फासे आणि मोजपट्टी. कोण किती इंच सरकणार, कोणाची गोळी किती इंच पोचणार, हे नियमांच्या पुस्तकात. पण झाडीत वेग निम्मा होतो, भिंतीआड माणूस वाचतो, टेकडीवरून लांबचं दिसतं, हे सगळे नियम ज्या वस्तूंवर चालतात त्या म्हणजे टेबलावरचे डोंगर, नद्या, घरं, कुंपणं. या साऱ्याला खेळणारे टेरेन म्हणतात. सपाट टेबलावर दोन फौजा समोरासमोर ठेवल्या तर उरते ती फाशांची मारामारी. डावपेच जमिनीतून येतात.

अशी जमीन पहिल्यांदा राजेशाही थाटात तयार झाली. प्रशियातले एक मुलकी अधिकारी गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ वाळूत लढाया मांडत असत. ही गोष्ट राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्या कानावर गेली. राजापुढे वाळू काय न्यायची, म्हणून 1812 साली त्यांनी खणांचं एक भलंमोठं मेजच नजर केलं. खणांमध्ये प्लास्टरच्या रंगवलेल्या चौकोनी फरश्या होत्या. एकीवर नदीचं वळण, दुसरीवर उतार, तिसरीवर रस्ता. हव्या तशा जुळवायच्या आणि दर वेळी नवा मुलूख मांडायचा. आज बाजारात जोडून मांडायचे जे महागडे बोर्ड मिळतात, त्यांची मूळ कल्पना हीच.

गंमत पुढे आहे. 1824 साली राइसविट्झ यांच्या लष्करातल्या मुलाने खेळाचे व्यवस्थित नियम छापले, आणि त्यात बापाचं ते मेज चक्क बाजूला सारलं. त्याने 1:8000 प्रमाणाचे कागदी नकाशे घेतले. प्रशियन लष्कराने हा खेळ उचलला तो नकाशावरचा. साहजिकच आहे. नकाशा गुंडाळून नेता येतो, आणि ज्या मुलखात खरोखर लढायचं तोच मुलूख दाखवतो. ज्यांना लढायचं होतं त्यांना प्लास्टरच्या टेकड्या नको होत्या. त्या हव्या होत्या, ज्यांना आयुष्यात कधी लढायचं नव्हतं त्यांना.

त्यांचे आद्य पुरुष एच. जी. वेल्स. कालयंत्राच्या आणि मंगळावरून आलेल्या स्वारीच्या कथा लिहिणारे तेच. 1913 साली त्यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. त्यातली युद्धं घराच्या जमिनीवर चालत. सुरुवातीला विश्वकोशाचे जाडजूड खंडच डोंगर झाले. मग मुलांच्या खेळण्यातले लाकडी ठोकळे आले, बागेतल्या डहाळ्यांची झाडं आली, खडूने नद्या काढल्या गेल्या. खेळण्यातली तोफ खरोखर लाकडी गोळी उडवी आणि शिशाचे शिपाई आडवे होत. महायुद्धाला वर्ष राहिलेलं असताना वेल्स सांगत होते, की खऱ्यापेक्षा हे युद्ध बरं. सल्ला कोणी ऐकला नाही, खेळ मात्र टिकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात त्याला मध्यमवर्गीय वळण लागलं. साउदम्प्टनचे डोनाल्ड फेदरस्टोन पेशाने फिजिओथेरपिस्ट. त्यांचं ‘वॉर गेम्स’ 1962 साली आलं आणि घरोघरच्या एकांड्या शिलेदारांना आपण एकटे नाही हे कळलं. तोवर बरेच जण लाकडी पेटीत ओली वाळू भरून डोंगर करत. वाळू हवा तो आकार घेते हे खरं, पण तिचं वजन विचारू नका. पुढे पॉलिस्टायरीनच्या छताच्या फरश्या घराघरांत आल्या. त्या एकावर एक चिकटवल्या की झाली टेकडी.

1975 साली लंडनमध्ये तीन मित्रांनी गेम्स वर्कशॉप सुरू केलं: इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक. पीक यांचं काम लाकडी पट तयार करण्याचं होतं, म्हणजे कंपनीचा पहिला माल हाताने बनवलेला होता. 1983 साली कंपनीचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला, 1987 साली त्याचं भविष्यकाळातलं भावंड. कंपनीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने त्या दिवसांत डिओडरंटच्या रिकाम्या कांडीपासून तरंगता रणगाडा कसा बनवायचा याची कृती छापली होती. 1996 साली त्यांनी टेरेन बनवण्यावर स्वतंत्र पुस्तकच काढलं. आज नॉटिंगहॅमची ही कंपनी लंडन शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत आहे. डिसेंबर 2024मध्ये ती त्या यादीत गेली. आता ती पडक्या देवळांचे आणि कारखान्यांचे प्लास्टिकचे सुटे भाग डब्यात घालून विकते. भाग देखणे असतात. पण डिओडरंटची कांडी टाकून देताना हात अडखळावा, हे शिक्षण त्या डब्यातून मिळत नाही, असं माझं प्रामाणिक मत.

आता या कलेच्या गाभ्याकडे येऊ, म्हणजे मापांकडे. उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ, कारण जगभरचे वॉरगेमर ते हौसेने खेळतात: असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803. आजच्या जालना जिल्ह्यात केळना आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात शिंदे-भोसल्यांची फौज पसरलेली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. त्याला केळनेच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. मधे उतार असल्याशिवाय माणसं अशी समोरासमोर घरं बांधणार नाहीत, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला. वेलस्ली नदीपार झाल्यावर शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमनच्या हाताखालच्या कवायती पलटणींनी झपाट्याने तोंड वळवलं आणि दोन नद्यांच्या मधे नवी फळी धरली. तिचं एक टोक केळनेवर, दुसरं मातीच्या तटाच्या असई गावावर. त्या गावाच्या फार जवळ गेलेल्या इंग्रज तुकड्यांची तोफांनी चाळण केली.

या रणाची रुंदी साधारण मैलभर. आपले सैनिक 28 मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या अदमासे साठावा हिस्सा. जमीनही त्याच हिशेबाने करायची म्हटली तर सत्तावीस मीटर लांबीचं टेबल लागेल. कार्यालयाचा हॉल घ्यावा लागेल. म्हणून एक इंच म्हणजे पंचवीस यार्ड धरायचे. सहा फुटांत मैल बसतो. पण आता जमीन नऊशेपट लहान आणि माणूस फक्त साठपट. या प्रमाणात माणूस दोन मिलिमीटरचा हवा होता. दहा सेंटिमीटरचं एक घर ठेवलं तर त्याने नव्वद मीटर जागा अडवली, म्हणजे अख्खी आळी. असई गाव मग किती घरांचं करायचं? तीन, फार तर चार, आणि भोवती तटाचा एखादा वळसा. घराचं जोतंही थोडं आखूड ठेवायचं, झाडं खऱ्यापेक्षा बुटकी करायची, दार मात्र जरा मोठं, कारण सैनिक चकतीवर उभा असतो.

आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज महादरवाज्यापेक्षा उंच असतात, बुरुजावरचा मावळा तोफेपेक्षा मोठा असतो, आणि हळीव उगवले की सगळं रान एकाच उंचीचं होतं. कोणाला खटकत नाही. टेरेनवाला हेच करतो, फक्त हिशेब मांडून. किती खोटं बोललं तर डोळा मान्य करेल आणि हाताला खेळता येईल, हे ज्याला कळलं तो कारागीर. बाकीचे मॉडेल बनवतात.

मॉडेल बनवणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. विल्यम सायबॉर्नने वॉटर्लूच्या रणभूमीवर महिनोन् महिने राहून मोजणी केली आणि 1838 साली हजारो चिमुकल्या सैनिकांसह तिचं मॉडेल लंडनला मांडलं. ते आजही तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. पाहत राहावं असं काम. पण त्यावर खेळता येणार नाही. मधल्या पलटणीपर्यंत हातच पोचत नाही.

असईत दुसरा पेच नदीचा. नदी टेबलाच्या खाली असायला हवी, टेबल काही खणता येत नाही. मग सगळी जमीनच इंचभर उचलायची, म्हणजे फोमच्या पाट्या अंथरायच्या आणि नदीच्या जागी फट सोडायची. निळी पट्टी टेबलावर टाकून भागवणारे पुष्कळ आहेत. पण केळनेच्या उंच काठांशिवाय असई कळत नाही. काठ उंच आहेत म्हणूनच उताराला किंमत. आणि तो उतार टेबलावर दोन्ही खेळाडूंना पहिल्या मिनिटाला दिसतो, तर वेलस्लीचा तर्क वाया जातो. त्यावर उपाय म्हणून काठावर गावांच्या दोन-तीन जोड्या मांडाव्या आणि उतार कुठे आहे हे खेळात फाशाने ठरवावं.

कार्यशाळेत डोकावलं तर महाग वस्तू थोड्याच दिसतील. मुख्य माल म्हणजे दाट विणीचा, बांधकामात उष्णतारोधक म्हणून वापरतात तो फोम. इंग्लंड-अमेरिकेत तो निळ्या किंवा गुलाबी पाट्यांमध्ये मिळतो. आपलं पांढरं दाणेदार थर्माकोल त्याचाच गरीब भाऊ, कापताना घरभर दाणे उडवणारा. तापलेल्या तारेने हा फोम लोण्यासारखा कापला जातो. टेकडी कापताना पुन्हा तोच प्रश्न येतो. नैसर्गिक उतार केला तर धातूचे सैनिक घसरून खाली येतात आणि भाल्यांची टोकं वाकतात. पायऱ्या केल्या तर सैनिक नीट उभे राहतात, पण टेकडी केकसारखी दिसते. बहुतेक जण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला अगदी मंद उतार करून सुटतात. नवख्याला हमखास बसणारा फटका स्प्रेचा. डब्यातल्या रंगाचं द्रावक फोम खातं आणि डोळ्यांदेखत डोंगराला भोकं पडतात. म्हणून आधी पांढरा गोंद आणि काळा रंग मिसळून सगळीकडे हात द्यायचा.

रंगकाम उलट्या दिशेने चालतं, आधी गडद, शेवटी फिकट. ब्रश फिक्या रंगात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करतात आणि खडकावरून हलकेच फिरवतात. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा काळ्याच राहतात, आणि फोमच्या तुकड्याला क्षणात दगडाचा पोत येतो. ही युक्ती प्रत्येक नवख्याला जमते, म्हणूनच ती अति होते.

गवताची तऱ्हा और आहे. दोन-चार मिलिमीटरचे नायलॉनचे तंतू नुसते भुरभुरले तर आडवे पडतात. ते उभे करायला स्थिर विजेचं यंत्र लागतं. हौशी लोक ते डास मारायच्या रॅकेटपासून बनवतात. जाळी काढून टाकायची, एक तार धातूच्या चहाच्या गाळणीला जोडायची, दुसरी तार खिळ्याला, आणि तो खिळा ओल्या गोंदात खुपसायचा. गाळणीत तंतू भरून बटण दाबत हलवलं की तंतू भारित होऊन सरळ खाली झेपावतात आणि गोंदात काटकोनात रुततात. हरळी उभी राहते. रॅकेट उघडताना आतल्या कपॅसिटरला हात लावू नये. बंद केल्यावरही तो झटका देतो.

संग्रहाची बाजू मला जरा कमी भावते, पण तिलाही इतिहास आहे. 1995च्या ‘नेक्रोमुंडा’ खेळात आणि 1999च्या ‘मॉर्डहाइम’मध्ये पुठ्ठ्याच्या भिंती आणि त्यांना जोडणारे प्लास्टिकचे भाग मिळत. तेव्हा पोरांनी ते खेळून फाडले. आता तीच पोरं पन्नाशीकडे झुकली आहेत आणि न फाटलेला संच शोधताहेत. लष्करं एका पेटीत मावतात, टेरेन मावत नाही. घराचं छप्पर सुटं करतात ते आत सैनिक ठेवता यावेत म्हणून, पण लहान घर मोठ्या घरात कोंबता यावं हाही त्यात सुप्त हेतू असतो.

गेल्या काही वर्षांत लेझरने कापलेल्या एमडीएफची घरं आणि थ्रीडी प्रिंटर यांनी हे काम सोपं केलं. रात्री बटण दाबावं, सकाळी बुरुज तयार. छापलेला बुरुज सुबक असतो, पण शेजारच्याच्या टेबलावर तोच बुरुज दिसतो. असईचा मातीचा तट मात्र अजून हातानेच चांगला होतो.

दिवाळीत किल्ले करणाऱ्या मंडळांना म्हणून एक सुचवतो. एखाद्या वर्षी असईचं मैदान करून पाहा: दोन नद्या, समोरासमोरची दोन गावं, एक तटबंद खेडं. जमेल तितके फासे आणा आणि पोरांना खेळू द्या. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे जमीन उचलायला जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे थर आणि वर कागदाचा लगदा वापरा. लगदा पूर्ण वाळायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा वसुबारसेच्या आठवडाभर आधी कामाला लागा.