सहप्रवाशांची पूर्वचौकशी

(समुद्रपर्यटनाची पूर्वतयारी : लेखांक सातवा)

गेल्या दोन लेखांकांत जहाजाची आणि त्यावरील खोलीची निवड कशी करावी, याचा ऊहापोह आपण केला. जहाज, मार्ग, ऋतू आणि खोली ही निश्चित झाली म्हणजे सफर निश्चित झाली, अशी सामान्यतः समजूत असते. परंतु चारी बाजूंनी पाणी असलेल्या ज्या जागेत आठवडाभर मुक्काम करावयाचा, जेथून मनात आले म्हणून उठून दुसरीकडे जाण्याची सोय नाही, तेथील दिवस सुखाचे जाणार की त्रासाचे, हे खोलीच्या लांबीरुंदीपेक्षा सोबत कोण आहे यावरच पुष्कळ अंशी ठरते. सहप्रवासी ठिकठिकाणांहून आलेले, एकमेकांस अपरिचित असे असले, तर जहाजाचा दिनक्रम सर्वांना सारखाच लाभतो. तेच त्यांतील तिसरा हिस्सा एका कंपनीचा, एका संस्थेचा किंवा एका लग्नाच्या वऱ्हाडाचा असला, तर जेवणाची वेळ, नाट्यगृहातील खेळ, तरणतलावाकाठच्या खुर्च्या आणि संध्याकाळचे संगीत या साऱ्यांवर त्या समूहाची छाप पडल्यावाचून राहत नाही. असा समूह आपल्या सफरीवर असणार आहे काय, हे भाड्याची पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी कसे समजून घ्यावे, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये सिडनीहून निघालेल्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ या जहाजावर जे घडले, ते आपण भारतीयांनी तरी विसरू नये. सफर अवघ्या तीन रात्रींची, जहाज तीन हजारांहून अधिक प्रवाशांचे, आणि त्या प्रवाशांत एका भारतीय गुटखा-पानमसाला कंपनीची सुमारे तेराशे माणसे होती. इतर प्रवाशांपैकी अनेकांनी परतल्यावर ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवर तक्रार केली, की डेक, बार आणि बुफे त्या समूहाने व्यापून टाकले आणि स्त्रियांना डेकवर मोकळेपणी बसणेही कठीण झाले. रॉयल कॅरिबियन कंपनीने तक्रारदारांना भाड्याचा परतावा दिल्याचे वृत्त पुढे आले. तेराशे हा आकडा एखाद्या रात्रीत जमत नाही. इतक्या खोल्यांचा व्यवहार कंपनीच्या दप्तरी कित्येक महिने अगोदर नोंदला गेलेला असणार. ज्या कुटुंबाने त्याच सफरीच्या दोन खोल्या घेतल्या, त्याला मात्र ही गोष्ट बंदर सुटल्यावरच कळली. समूहाचे वर्तन हा एक प्रश्न झाला. माहिती असूनही ती न सांगणे हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक गंभीर प्रश्न आहे.

जहाज कंपन्यांच्या परिभाषेत ‘ग्रुप’ म्हणजे नेहमीच काही प्रचंड जमाव नव्हे. अमेरिकन बाजारपेठेत साधारणतः आठ खोल्या, म्हणजे सोळा प्रवासी, झाले की ग्रुपचे दर लागू होतात आणि दर सोळा माणसांमागे एका माणसाचे भाडे माफ करण्याचा परिपाठ आहे. आजीआजोबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी एकत्र आलेले कुटुंब, ब्रिज खेळणाऱ्यांचे मंडळ, गोधड्या शिवणाऱ्या स्त्रियांचा संघ, चर्चचे गायकवृंद असे शेकडो लहान समूह दर आठवड्याला जगभरच्या जहाजांवर चढतात आणि उतरतात. त्यांचा उपद्रव तर होत नाहीच, उलट त्यांच्यामुळे डेकवर थोडी जिवंतपणाची भरच पडते. चौकशी करावयाची ती यांची नव्हे. चौकशी करावयाची ती अशा समूहांची, की ज्यांनी खोल्यांबरोबर जहाजाच्या सामाईक जागाही काही तासांसाठी स्वतःकडे घेतल्या आहेत. कंपन्या आपल्या उत्तम विक्रेत्यांना बक्षीस म्हणून ज्या सफरी घडवितात, त्यांत असे वरचेवर होते : एका संध्याकाळी नाट्यगृह पारितोषिक-वितरणासाठी राखीव, एका दुपारी वरचा लाउंज सभेसाठी बंद, एका रात्री तलावाकाठी खाजगी मेजवानी. सर्वांसाठी म्हणून ज्या जागांचे मोल प्रत्येक प्रवाशाने भाड्यातून दिलेले असते, त्याच जागा दुसऱ्यांदा विकल्या जातात. आणि ज्याची संध्याकाळ हिरावली गेली, त्याला दारावरील पाटीखेरीज खुलासा मिळत नाही.

याच्याही पुढची पायरी म्हणजे संपूर्ण जहाजच भाड्याने घेणे, ज्याला फुल-शिप चार्टर म्हणतात. स्त्रियांच्या गीतमुद्रणासाठी १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑलिव्हिया’ या अमेरिकन संस्थेने १९९० मध्ये समलिंगी स्त्रियांसाठी पहिली सागरी सफर काढली. पुढल्याच वर्षी समलिंगी पुरुषांच्या सफरींसाठी ‘अटलांटिस इव्हेंट्स’ निघाली. २०११ मध्ये मायामीहून ‘सेव्हंटी थाउजंड टन्स ऑफ मेटल’ हा हेवी मेटल संगीताचा तरंगता उत्सव सुरू झाला, २०१७ मध्ये ‘नॉर्वेजियन पर्ल’ जहाजावर ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांची स्वतंत्र सफर निघाली, आणि संगीत-सफरी भरविणारी ‘सिक्स्थमॅन’ ही संस्था तर २०१२ मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइननेच विकत घेतली. या सफरींवर जाणारा प्रत्येक जण आपण कोणात जात आहोत हे जाणूनच जातो, म्हणून तेथे कोणाचा कोणाला उपसर्ग पोहोचत नाही. किंबहुना ज्या माणसांना इतरत्र संकोचाने वागावे लागते, त्यांना आपल्यासारख्यांच्या सहवासात आठवडाभर मोकळा श्वास घेता यावा, यापरते जहाजाचे सार्थक ते कोणते? कठीण प्रसंग येतो तो वेगळ्याच माणसावर. चार्टरचा करार होण्यापूर्वीच ज्याने त्या तारखेची खोली घेतलेली असते, त्याला एके दिवशी पत्र येते, की आपली सफर आता सर्वसाधारण प्रवाशांसाठी उपलब्ध नाही. अनेक कंपन्यांच्या प्रवासकरारात जहाज चार्टरवर गेल्यास सफर रद्द करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत राखून ठेवलेली असते. भाडे परत मिळते, किंवा दुसऱ्या तारखेची सफर काही सवलतीसह देऊ केली जाते. परंतु मध्यंतरी काढलेली विमानाची तिकिटे, हॉटेलची आरक्षणे आणि कचेरीतून मोठ्या प्रयासाने मिळविलेली रजा यांची भरपाई पूर्णतः होईलच असे नाही. म्हणून फार अगोदर खोली घेणाऱ्याने विमानाचे तिकीट परताव्याच्या शर्तीवर तरी घ्यावे, किंवा काही काळ थांबावे. चार्टरची शक्यता पडताळण्याचा मार्ग मात्र सोपा आहे. चार्टर सफरी विकणाऱ्या संस्था आपल्या तारखा आणि जहाजांची नावे उघडपणे जाहीर करतात, आणि त्यांतील कित्येक दरवर्षी त्याच सुमारास, त्याच बंदरातून निघतात; तेव्हा आपल्या जहाजाचे नाव मागील वर्षी त्याच आठवड्यात कोणत्या यादीत होते, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

जहाजाचा काही भागच व्यापणाऱ्या समूहांच्या बाबतीत आकड्यापेक्षा प्रमाणाकडे लक्ष द्यावे. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या महाकाय जहाजावर एका खोलीत दोघे या हिशोबाने ५६१० प्रवासी मावतात. तेथे चारशे माणसांचा समूह असला तरी तो तेराव्या-चौदाव्या हिश्शाइतका, आणि त्या जहाजाच्या विस्तारात तो जाणवेलच असे नाही. याउलट ‘विंड सर्फ’ या शिडांच्या जहाजावर साडेतीनशेच्या आतबाहेर प्रवासी, आणि ऱ्हाइन-डॅन्यूबवरील व्हायकिंग कंपनीच्या नदीजहाजांवर तर एकशे नव्वदच. नदीवरील जलद्वारांतून जावयाचे असल्याने त्या जहाजांची लांबी १३५ मीटरांपलीकडे नेता येत नाही; परिणामी तेथे मोठे भोजनगृह एक, लाउंज एक, आणि वरचा उघडा डेक एक. अमेरिकन विद्यापीठांचे माजी विद्यार्थी-संघ आणि तत्सम मंडळे नदीवरील सफरींची विशेष चाहती असतात. त्यांचा साठ जणांचा एक समूह तेथे असला, की जवळजवळ एकतृतीयांश जहाज त्यांचे. त्यांचे व्याख्यान लाउंजमध्ये, त्यांची टेबले एकत्र मांडलेली, त्यांच्या सहलीची वेळ प्रथम. हे लोक सुसंस्कृत आणि स्नेहशील असतात यात संशय नाही. तथापि आठ दिवस दुसऱ्याच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यासारखे वावरणे सर्वांनाच रुचते असे नव्हे. जहाज जितके लहान, तितकी चौकशी अधिक कसून करावी.

ही चौकशी कोणाकडे करावी? बुकिंगच्या दूरध्वनीवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्याकडून बहुधा निश्चित उत्तर मिळत नाही, कारण ग्रुपची नोंद वेगळ्या विभागाकडे असते. ट्रॅव्हल एजंटामार्फत त्या ग्रुप विभागाशी संपर्क साधावा, हे उत्तम. अनुभवी एजंटाची कंपनीच्या विक्री-प्रतिनिधीशी ओळख असते आणि ही माहिती त्याला सहज काढता येते. समूहाचे नाव सांगण्यास कंपनी नकार देईल, आणि तो नकार रास्तही आहे. दुसऱ्याच्या खाजगी व्यवहाराचे नाव आपल्याला नकोच असते. ‘मोठा ग्रुप आहे काय?’ असा मोघम प्रश्न केला, तर ‘विशेष काही नाही’ असे मोघम उत्तर येते. त्याऐवजी या तारखेस एकाच ग्रुपकडे पन्नासांहून अधिक खोल्या आहेत काय, नाट्यगृह, मुख्य लाउंज अथवा तलावाचा परिसर एखाद्या खाजगी कार्यक्रमासाठी राखून दिला आहे काय, आणि असल्यास कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी, असे नेमके प्रश्न करावेत व उत्तर लेखी मागावे. लेखी उत्तराने काही हक्क प्राप्त होतो असे नाही. परंतु पुढे तक्रार करण्याची वेळ आलीच, तर त्या एका कागदाचे वजन दहा तोंडी आश्वासनांहून अधिक भरते.

येथे वेळेचे भान राखणे अत्यंत आवश्यक आहे, आणि नेमके त्याकडेच पुष्कळांचे दुर्लक्ष होते. कंपनी एखाद्या एजंटाला किंवा संस्थेला खोल्यांचा ब्लॉक देते, तो बहुधा काही मुदतीपुरता; मुदत संपेपर्यंत जितक्या खोल्यांची नावे आणि अनामत रक्कम येईल तितक्या कायम होतात, उरलेल्या कंपनी परत घेते. एक वर्ष अगोदर दोनशे खोल्यांचा दिसणारा ग्रुप प्रत्यक्षात तीस खोल्यांवर येऊ शकतो, आणि उलट पक्षी जेथे काहीच नव्हते तेथे सहा महिन्यांनी मोठी परिषद येऊन बसू शकते. म्हणून आज मिळालेले उत्तर आजपुरतेच खरे. खोली घेताना एकदा विचारावे, आणि पूर्ण रक्कम भरण्याच्या अंतिम तारखेपूर्वी आठवडा-दोन आठवडे पुन्हा एकदा विचारावे. ही तारीख बहुतेक मोठ्या अमेरिकन कंपन्यांत प्रस्थानाच्या सुमारे नव्वद दिवस आधीची असते, आणि ती उलटल्यावर सफर रद्द करणाऱ्यास दंड भरावा लागतो. दुसऱ्या चौकशीत उत्तर प्रतिकूल आले, तर तारीख बदलून घेण्याची हीच अखेरची निर्वेध संधी होय. याच सुमारास ब्लॉकमधील शिल्लक खोल्या परत येऊन एकाएकी पुष्कळ खोल्या विक्रीस लागतात, प्रसंगी दरही उतरतो. तेव्हा काल भरलेले दिसणारे जहाज आज मोकळे दिसू लागले, तर एखादा मोठा ब्लॉक सुटला असण्याचा संभव आहे, असे समजावे.

विचारल्यावाचूनही काही अनुमाने बांधता येतात. मागच्या-पुढच्या आठवड्यांत खोल्या विपुल असताना मधलीच एक सफर कित्येक महिने आधी ‘शिल्लक नाही’ असे दाखवीत असेल, किंवा रात्रीच्या भोजनाची पहिली पंगत अकारण लवकर भरली असेल, तर चौकशीस निश्चितच जागा आहे. तीन-चार रात्रींच्या आखूड सफरी कंपन्यांच्या परिषदांना, लग्नांना आणि मित्रमंडळींना विशेष सोयीच्या पडतात. दोन आठवड्यांची किंवा महासागर ओलांडणारी दीर्घ सफर त्यांना वेळेच्या दृष्टीने परवडत नाही. अमेरिकेत मार्च महिना महाविद्यालयीन सुटीचा आणि जून-जुलै कुटुंबमेळाव्यांचा.

आपल्याकडील परिस्थिती याहून फारशी निराळी नाही, आणि महाराष्ट्रीय वाचकाला तिची झळ अधिक लवकर लागण्याचा संभव आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोव्याकडे फेऱ्या करणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर लग्नसमारंभ आणि कंपन्यांची संमेलने भरविण्याची सोय उघडपणे जाहीर केलेली आहे. दोन रात्रींच्या सफरीत एक संध्याकाळ जरी एखाद्या समारंभाकडे गेली, तरी अर्धी सफर गेली; म्हणून लग्नसराईच्या तिथींकडे पाहून तारीख ठरविणे हे येथे व्यवहारचातुर्यच ठरेल. सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींचा प्रकार आणखी सूक्ष्म आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत पुण्यामुंबईच्या टूर कंपन्या तेथे चाळीस-चाळीस जणांच्या तुकड्या नेतात. प्रत्येक तुकडी वेगळी नोंदली जात असल्याने ‘मोठा ग्रुप नाही’ हे कंपनीचे उत्तर अक्षरशः खरे असते, आणि तरीही जहाजावर मराठी-गुजराती कुटुंबांचे संमेलन भरल्यासारखे होते. ज्यांना जैन भोजन, ओळखीची भाषा आणि टूर मॅनेजरचा आधार हवा, त्यांना हाच काळ सर्वोत्तम. ज्यांना या सर्वांपासून चार दिवस दूर जावयाचे आहे, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीकडे पाहावे. आणि आपण स्वतःच जेव्हा अशा तुकडीतून जातो, तेव्हा बुफेच्या रांगेत वीस जणांसाठी एकाने जागा धरू नये, रात्री मार्गिकेत गप्पांचे फड जमवू नयेत, ही खबरदारी आपल्याकडे लागते. कारण त्या मार्गिकेतील एखाद्या बंद दाराआड असा प्रवासी झोपलेला असतो, ज्याला आपण येणार हे कोणी कळविलेले नसते.

वस्तुतः ठराविक प्रमाणाबाहेरचा समूह असल्यास, त्याचे नाव न सांगता, केवळ संख्या आणि राखीव जागांच्या वेळा सर्व प्रवाशांना आगाऊ कळविणे कंपन्यांना मुळीच अवघड नाही. बंदरावरील गर्दी आणि हवामान यांची सूचना त्या देतातच. सामाईक जागांच्या बंदीची सूचनाही त्यांनी दिली पाहिजे, आणि तशी सक्तीची तरतूद होईपर्यंत ग्राहकांनी ती मागत राहिले पाहिजे.

एवढी चौकशी करूनही जहाजावर चढल्यावर एखादा अनपेक्षित समूह भेटलाच, तर दुसऱ्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका आदल्या संध्याकाळी मिळते, ती जपून वाचावी. बंद जागा आणि वेळा तीत बहुधा नमूद असतात, आणि त्यानुसार भोजनाची पंगत बदलून घेता येते किंवा नाट्यगृहातील दुसरा खेळ गाठता येतो. त्रास प्रत्यक्ष वर्तनाचा असेल, तर तो त्याच दिवशी स्वागतकक्षात जाऊन, वेळ व ठिकाण यांसह नोंदवावा आणि नोंद झाल्याची खातरजमा करून घ्यावी. जहाज समुद्रात असेतोवर टेबल, खोली, बंदोबस्त यांत बदल करण्याचा अधिकार तेथल्या अधिकाऱ्यांपाशी असतो. घरी परतल्यावर केलेल्या तक्रारीवर होतो तो केवळ पत्रव्यवहार.