प्राथमिक फ्रेंचच्या पुढे : मराठीच्या वाटेने

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र या विषयांबरोबरच त्यांनी तेथे प्रारंभिक फ्रेंच आणि प्रारंभिक जर्मन यांचेही पाठ घेतले होते. पुढे त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले आणि उत्तरायुष्यात पाली भाषेचे व्याकरण व शब्दकोश यांवर परिश्रम केले. हे पालीचे काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. भाषेच्या तोंडओळखीवर समाधान मानू नये, हा धडा आम्ही त्यातून घेतो.

आपल्या वसतिगृहातील मुलांना फ्रेंच कशाला, असे पालक विचारतात. नोकरीच्या संधी हे एक उत्तर आहेच. पण दुसरेही आहे. पाली भाषेचा पाश्चात्त्य पद्धतीने अभ्यास सुरू करणाऱ्या पहिल्या ग्रंथांपैकी एक १८२६ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेतच निघाला. युजीन ब्यूर्नूफ आणि ख्रिस्तियान लासेन हे त्याचे लेखक. ब्यूर्नूफ यांनीच १८४४ मध्ये भारतीय बौद्ध धम्माच्या इतिहासावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच वारशाविषयीचे हे लेखन मुळातून वाचायचे, तर फ्रेंचची चार वाक्ये येऊन भागत नाही.

अडचण नेमकी तेथेच येते. आमच्यापैकी काहीजण शिक्षणासाठी पुण्यास गेलो, फ्रेंच शिकू लागलो. नमस्कार, नाव, गाव, अंक येथवर सारे सुरळीत चालले. पुढे भूतकाळ आला आणि गाडी अडली. वर्गात प्रत्येक नियम इंग्रजीतून समजावला जाई. आमचे इंग्रजी कच्चे. म्हणून फ्रेंचही आपल्या आवाक्याबाहेरची, असे आम्ही धरून चाललो. बऱ्याच दिवसांनी उमगले की जो नियम इंग्रजीत नाही, तो आपल्या घरच्या बोलीत आहे. त्याची तीन उदाहरणे येथे देतो.

पहिले उदाहरण भूतकाळाचे. आपण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतो. पण ‘मी भाकरी खाल्ली’. खाणारा तोच, तरी क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत असे होत नाही. फ्रेंचमध्ये ते विशिष्ट ठिकाणी होते. ‘झे एक्री ला लेत्र’ म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. येथे कर्म क्रियापदानंतर आले, म्हणून रूप बदलत नाही. मात्र ‘ला लेत्र क झे एक्रीत’, म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी, असे म्हणताना कर्म आधी येते आणि ‘एक्री’चे ‘एक्रीत’ होते. ‘लिहिलेली’मधील स्त्रीलिंगी ‘ली’ ज्याच्या तोंडी रुळली आहे, त्याला हा नियम परका वाटण्याचे कारण नाही. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा काही क्रियापदांत मात्र रूप कर्त्याप्रमाणे चालते : ‘इल ए मॉर’ म्हणजे तो वारला, ‘एल ए मॉर्त’ म्हणजे ती वारली. मराठीतही तसेच.

दुसरे उदाहरण दोन भूतकाळांतील भेदाचे. ‘दिवाळी झाली की वडील ऊसतोडीला निघायचे’ आणि ‘त्या पहाटे वडील निघाले’ ही दोन वाक्ये आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही मुलाला वेगळी करून सांगावी लागत नाहीत. पहिले दरवर्षीचे, दुसरे एकदाच घडलेले. इंग्रजीत दोन्हीकडे एकच रूप चालून जाते. फ्रेंचमध्ये चालत नाही : ‘मों पेर पार्ते’ म्हणजे वडील निघायचे, ‘मों पेर ए पार्ती’ म्हणजे वडील निघाले. शाळेत शिकलेला रीतिभूतकाळ आठवला, की बरेच कोडे सुटते.

तिसरे उदाहरण विध्यर्थाचे. ‘तू येतोस’ ही माहिती झाली. ‘तू यावेस’ ही इच्छा किंवा गरज. फ्रेंचमध्येही गरज, इच्छा, भीती, शंका व्यक्त करताना क्रियापदाचे निराळे रूप येते. ‘इल फो क त्यू व्येन’ म्हणजे तू यावेस हे आवश्यक आहे. आशा व्यक्त करताना मात्र फ्रेंच माणूस साधा भविष्यकाळ वापरतो. आपणही ‘आशा आहे की तू येशील’ असेच म्हणतो.

प्रत्येक ठिकाणी मराठी साथ देईलच असे नाही. आपली लिंगे तीन, फ्रेंचची दोन. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. आपले पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचे पुल्लिंगी. म्हणून नाम कधीही सुटे पाठ करू नये. ‘ल सोलेय’ म्हणजे सूर्य, ‘ला ल्यून’ म्हणजे चंद्र, असे उपपदासह वहीत उतरवावे.

शब्दसंग्रह वाढविताना शब्दांची कुळे शोधावीत. ‘लीर’ म्हणजे वाचणे. त्यावरून ‘लेक्तर’ वाचक आणि ‘लेक्त्यूर’ वाचन. इंग्रजीशी साम्य दिसले की सावध व्हावे : हे ‘लेक्त्यूर’ म्हणजे व्याख्यान नव्हे, आणि ‘लिब्रेरी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचे दुकान, ग्रंथालयाला ‘बिब्लियोतेक’ म्हणतात. प्रत्येक नव्या शब्दाचे एक वाक्य स्वतःच्या जगण्यातून बनवावे. पाठ्यपुस्तकात पॅरिसची उपाहारगृहे असतात. आपल्या वहीत ‘कान आ स्युक्र’ म्हणजे ऊस आणि ‘सॉर्गो’ म्हणजे ज्वारी असावी. ज्या वाक्यात आपले कोणी असते, ते विसरले जात नाही.

प्रगती तपासण्यासाठी ‘डेल्फ’ ही परीक्षा आहे. तिचे ए-१, ए-२, बी-१ आणि बी-२ असे टप्पे आहेत. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० गुण लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५ मिळवावे लागतात. त्यामुळे केवळ व्याकरण घोकून चालत नाही. मोठ्याने वाचणे आणि रोज थोडे ऐकणे आवश्यक ठरते.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की घरची बोली अशुद्ध म्हणून मुलांना गप्प करू नका. ‘भाकरी खाल्ली’ म्हणणाऱ्या मुलाजवळ व्याकरण आधीच आहे. आणि जे माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत परकीय भाषा शिकले आहेत, त्यांनी सुट्टीत गावी येताना आपली जुनी वही सोबत आणावी आणि वसतिगृहात एक तास बसावे. जेथे आम्ही अडलो, तेथे पुढच्या मुलांनी अडू नये.